ग्दिनिया ते हेल रेल्वे, पोलंड : कोल्हापूरकरांसाठी सविस्तर रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापलाय तो जुलै-ऑगस्टच्या गर्दीसाठी, आणि ती गर्दी का होते ते पुढं सांगतेच, कारण ते कळल्याशिवाय या गाडीला न्याय मिळायचा नाही. आपल्याकडची बरीच पोरं आता नोकरी-शिक्षणासाठी पोलंडला आहेत, माझा भाचा ग्दान्स्कला असतो (बाल्टिक किनाऱ्यावरचं बंदराचं शहर, ग्दिनिया त्याच्या शेजारीच), त्यामुळं कोल्हापुरातनं आई-वडील, मावशी-काका तिकडं जायला लागलेत आणि बहुतेक जण वॉर्सा नि क्राकुव्ह करून परत येतात. हेलला गेलेलं माझ्या ओळखीत तरी कुणी नाही. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय, जाणार असाल तर प्लॅनमध्ये एक अख्खा दिवस या रेल्वेसाठी काढा.

आधी जागा समजून घ्या, नाहीतर रेल्वेचं कौतुक कळणार नाही. तारकर्लीच्या पुढं देवबागला आपण सगळेच जाऊन आलोय, एकीकडं कर्ली नदी, दुसरीकडं समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर घरं, माड, रस्ता. हेल तसंच आहे पण लांबी साधारण ३५ किलोमीटर! पोलंडच्या उत्तर टोकाला व्वादिस्वावोवो गावापासून ही वाळूची पट्टी बाल्टिक समुद्रात शिरते, काही ठिकाणी रुंदी जेमतेम दीडशे-दोनशे मीटर आणि शेवटाला थोडी पसरट होऊन तिथं हेल गाव. एका बाजूला उघडा बाल्टिक, दुसऱ्या बाजूला पुत्स्कचा उथळ, शांत उपसागर. एवढ्याशा पट्टीवर एक रस्ता आणि एकेरी रेल्वेलाईन, दुसरा रस्ता काढायला जागाच नाही. उन्हाळ्यात सगळा देश समुद्राकडं निघाला की रस्ता तुंबतो आणि जो तो रेल्वेकडं वळतो. हे एवढं साधं गणित आहे त्या गर्दीमागं.

आता इतिहास, आणि माझ्या मते या प्रवासातली अर्धी मजा इतिहासातच आहे, तो माहीत नसेल तर तुम्हाला नुसती झाडं आणि पाणी दिसणार.

१७९५ ते १९१८ पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हताच. तिघा शेजाऱ्यांनी वाटून घेतलेला, आणि हा किनारा प्रशियाकडं, म्हंजे जर्मनांकडं होता. त्यांनी १८९८ ला रेदा या जंक्शनपासून पुत्स्क गावापर्यंत ब्रँच लाईन टाकली आणि १९०३ ला ती पुढं क्रोकोवापर्यंत नेली. क्रोकोवा आतल्या बाजूला, शेतीचा भाग. हेलकडं मात्र त्यांनी रूळ नेले नाहीत, तिथं कोळ्यांच्या वस्त्या होत्या, बोटीनं जा नाहीतर वाळू तुडवत जा.

मग पहिलं महायुद्ध संपलं, व्हर्सायचा तह झाला आणि १९२० मध्ये या किनाऱ्याचा एक छोटासा तुकडा पोलंडला मिळाला. १० फेब्रुवारी १९२० ला पोलिश सैन्याचा जनरल हालर पुत्स्कला आला आणि त्यानं समुद्रात अंगठी टाकून पोलंडचं समुद्राशी लग्न लावलं! खरंच, अंगठी टाकून, असा अधिकृत समारंभ झाला होता. एवढा आनंद व्हायचं कारण म्हंजे ग्दान्स्क बंदर त्यांना मिळालंच नव्हतं, ते स्वतंत्र शहर करून टाकलेलं. हातात आलेल्या किनाऱ्याचा जवळजवळ अर्धा भाग म्हंजे ही हेलची पट्टी. मग नव्या सरकारनं काय केलं, तर तिजोरीत पैसा नसताना, पूर्वेला रशियाशी लढाई चालू असताना, हेलची रेल्वे हातात घेतली. क्रोकोवाच्या लाईनवर स्वाझेवो स्टेशन आहे, तिथनं फाटा काढून व्वादिस्वावोवो, हाऊपी, कुझ्नित्सा, यास्तार्निया असं करत १९२२ पर्यंत रूळ पार टोकाला हेलपर्यंत पोचवले. त्याच १९२२ मध्ये ग्दिनियाला नवीन बंदर बांधायचा कायदा झाला. म्हंजे ग्दिनिया शहर अजून घडायचं होतं आणि शेजारच्या वाळूच्या पट्टीवर रेल्वे तयार! मला हे फार भारी वाटलं. समुद्र मिळाल्या मिळाल्या त्यांनी तो सगळ्या देशाच्या आवाक्यात आणला, आणि तेही रेल्वेनं, म्हंजे ज्याच्याकडं तिकिटापुरते पैसे आहेत त्याच्यासाठी.

ही लाईन आली आणि कोळ्यांच्या गावात पाव्हणे यायला लागले. यास्तार्निया बदललं, १९२८ नंतर जवळच्या पाइनच्या जंगलात युराता नावाचं नवंकोरं हॉलिडे गाव वसवलं गेलं, राष्ट्राध्यक्षांचं विश्रांतीचं घरसुद्धा तिथलंच, आजही आहे. जाताना मासळी, येताना माणसं, असा दोन्ही बाजूंनी धंदा. पण त्याच रुळांवरून सैन्याचं सामानपण जात होतं, कारण ज्याच्या ताब्यात हेल त्याच्या डोळ्यासमोर ग्दिनिया आणि ग्दान्स्कचा सगळा जलमार्ग. १९३६ ला हेल अधिकृतपणे तटबंदीचा प्रदेश म्हणून जाहीर झाला.

१९३९ चा सप्टेंबर आला. जर्मनीनं हल्ला केला, वॉर्सा २८ सप्टेंबरला पडलं, आणि हेलवरचे सैनिक २ ऑक्टोबरपर्यंत लढत राहिले. शेवटी शेवटी त्यांनी हाऊपी आणि कुझ्नित्साच्या मध्ये, जिथं पट्टी सगळ्यात बारीक, तिथं टॉर्पेडोची स्फोटकं जमिनीत पुरून उडवली, पट्टी तोडून हेलचं बेटच करायचं म्हणून. गाडी तिथनं जाते तेव्हा दोन्हीकडं बघा, तुम्हाला कळेल की ते असं का करू शकले. नंतर जर्मनांनी टोकाला ४०६ मिलिमीटरच्या तीन अवाढव्य तोफांची बॅटरी बांधली आणि पुढं त्या तोफा फ्रान्सला हलवल्या. १९४५ ला जर्मनीनं ८ मे ला शरणागती दिली तरी हेलवरचं जर्मन सैन्य आणखी काही दिवस तिथंच होतं. युद्धानंतर कम्युनिस्ट राजवटीत हेल गाव नौदलाचं, सामान्य माणसाला तिथं मोकळेपणानं फिरता यायचं नाही, ते मोकळं झालं नव्वदच्या दशकात. म्हंजे रेल्वे टोकापर्यंत आणि टोकच बंद, अशी कित्येक दशकं गेली. आज तिथं पोरं आइस्क्रीम खात फिरतात ते बघून बरं वाटतं.

आता आपल्याकडं या. कारण हे सगळं वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे पण कोल्हापूरचा काय संबंध?

संबंध आपल्या शेजारच्या वळिवडे गावाचा. रशियानं १९४० च्या आसपास पूर्व पोलंडमधली लाखो माणसं उचलून सैबेरिया, कझाकस्तानला नेली, पुढं १९४१ नंतर त्यातले काही सुटले, इराणमार्गे आपल्याकडं आले आणि १९४३ ते १९४८ या काळात साधारण ५००० पोलिश लोक, बहुतेक बायका आणि पोरं, वळिवड्याच्या कॅम्पात राहिले. शाळा, चर्च, स्काऊट, नाटकं सगळं होतं. कॅम्प तिथं बसायचं एक कारण उघड आहे, कोल्हापूर-मिरज रेल्वे दारातनं जात होती. ते गेल्यावर त्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासित आले आणि आजचं गांधीनगर उभं राहिलं. आपण कापड घ्यायला जातो ते गांधीनगर. महावीर गार्डनमधला पोलिश स्मृतिस्तंभ कितीजणांनी थांबून वाचलाय मला माहीत नाही, पण वॉर्सात आपल्या नावाचं स्मारक आहे, कोल्हापूर-वळिवडे कॅम्पचं, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथं फुलं वाहायला गेले होते तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवलेले.

तर ही माणसं ज्या पिढीची, त्या पिढीनं देशाला समुद्र मिळालेला बघितला होता. घर गेलं, देश गेला, आणि आपल्या पंचगंगेच्या काठाला येऊन बसले. मी हेलच्या गाडीत बसून खिडकीतनं बघत होते तेव्हा डोक्यात सारखं वळिवडे स्टेशन येत होतं. भाच्याला म्हटलं, अरे आपल्या मिरज पॅसेंजरच्या लाईनचा नि या लोकांचा केवढा जुना संबंध. तो म्हणाला, "मावशी, माझ्या ऑफिसात पोलिश लोकांना कोल्हापूर म्हटलं की त्यातल्या काहींना लगेच कळतं, पुण्यापेक्षा जास्त." मला भरून आलं.

आपली लाईनपण काही कमी नाही बरं का. १८८८ ला शाहू महाराजांच्या हस्ते पायाभरणी, १८९१ ला गाडी सुरू, संस्थानाची स्वतःची रेल्वे. मीटर गेज होती, १९७१ ला ब्रॉड गेज झाली. पण मिरज ते कोल्हापूर झाली आणि तिथंच थांबली, आपण शेवटचं स्टेशन ते शेवटचंच. समुद्र एवढा जवळ, गगनबावडा घाट उतरला की कोकण, आणि वैभववाडीच्या रेल्वेबद्दल आपण नुसतं पेपरात वाचतो. घाट फोडणं आणि सपाट वाळूवर रूळ टाकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे हे मान्य, पण १९२० मधल्या फाटक्या खिशाच्या देशानं दोन वर्षांत जे केलं ते बघितल्यावर मनात येतंच. गणपतीत आणि मे महिन्यात कोकणात जाणाऱ्या आपल्या गाड्यांची घाटात काय अवस्था होते ते बघा, मग हेलच्या लोकांनी रेल्वे का जपली ते कळेल.

आणि ती जपली हाच माझा मुख्य मुद्दा आहे. कारण त्याच लाईनचा दुसरा फाटा, क्रोकोवाचा, राहिला नाही. प्रवासी कमी झाले, गाड्या बंद, मग रूळ उखडले आणि आता स्वाझेवोपासून क्रोकोवापर्यंत त्याच भरावावर सायकल ट्रॅक आहे. ट्रॅक सुंदर आहे, सपाट, शेतामधनं जातो, लोक मजेत सायकली चालवतात, पण रेल्वे एकदा गेली की गेली. हेलचा फाटा वाचला तो नुसत्या उन्हाळी पर्यटकांमुळं नाही. उन्हाळ्यात पार दक्षिणेकडनं, क्राकुव्हकडनं थेट लांब पल्ल्याच्या गाड्या येतात, लोकल वाढवतात, आणि सप्टेंबर सरला की हे सगळं आटतं. पण लोकल गाड्या हिवाळ्यातही चालूच असतात, कमी का असेनात. शाळेची पोरं, दवाखान्याला जाणारी म्हातारी माणसं, यास्तार्नियाहून ग्दिनियाला कामाला जाणारे, त्यांच्यासाठी. फक्त सीझनपुरती ठेवली असती तर ती जत्रेतली गाडी झाली असती आणि चार वर्षांत कुणीतरी म्हणालं असतं, दहा महिने पडून राहते, काढून टाका. युरोपात अशा कितीतरी ब्रँच लाईन गेल्या. इथं सरकारनं मधल्या काळात पैसे घालून रूळ, प्लॅटफॉर्म नीट केलेत, ते दिसतं, गाडी हलत-डुलत जात नाही.

आता प्रत्यक्ष प्रवास. ग्दिनियाच्या मेन स्टेशनवरनं गाडी पकडायची, अंतर साधारण ७५-८० किलोमीटर आणि वेळ दोन तासांच्या आसपास, क्रॉसिंगवर अवलंबून. एकेरी लाईन आहे त्यामुळं समोरची गाडी यायची असेल तर स्टेशनात थांबून राहायचं, हे आपल्याला हातकणंगले-जयसिंगपूरमुळं चांगलंच सवयीचं आहे. लोकल म्हंजे आपल्या डेमूसारखी डिझेलवर चालणारी, पण आत स्वच्छ, मोठ्या काचा, सायकल अडकवायला वेगळी जागा. लांबच्या गाडीनं येत असाल तर ग्दिनियाला इलेक्ट्रिक इंजिन काढून डिझेल लावतात, तिथं उतरून पाय मोकळे करायला वेळ मिळतो.

बसायचं उजवीकडं. हे लक्षात ठेवा, जाताना उजवीकडं. भाच्यानं आधीच सांगितलेलं म्हणून बरं. रेदापर्यंत शहरच आहे, बघण्यासारखं काही नाही, त्यानंतर मुख्य लाईन सोडून गाडी उत्तरेला वळते, शेतं लागतात, पुत्स्कला पहिल्यांदा पाणी. व्वादिस्वावोवोला अर्धी गाडी रिकामी होते कारण ते मोठं बीचचं गाव, आणि खरी गंमत त्याच्या पुढं. हाऊपीच्या आधीपासून उजव्या हाताला उपसागर अगदी रुळांजवळ येतो, पाणी एवढं उथळ की माणसं लांब आत जाऊन कमरेएवढ्या पाण्यात उभी दिसतात, वारा भरपूर म्हणून काईटसर्फिंगवाले शेकड्यानं, आकाशात रंगीत पतंगच पतंग. डावीकडं वाळूची टेकाडं आणि पाइनची झाडं, त्याच्या पलीकडं उघडा समुद्र पण तो गाडीतनं दिसत नाही, उतरून चालत जावं लागतं, पाच-दहा मिनिटं फक्त. कुझ्नित्साला तर एका स्टेशनावर उतरून दोन्ही समुद्र बघता येतात. आमच्या ह्यांनी तिथं उतरायचा हट्ट धरला आणि पुढच्या गाडीनं हेलला गेलो, माझ्या मते हाच सगळ्यात चांगला निर्णय, तुम्हीही तसंच करा.

युरातानंतर जंगल दाट होतं आणि मग हेल, रूळ संपले. स्टेशनपासून सगळं चालत. सील या समुद्री प्राण्यांचं केंद्र आहे, ग्दान्स्क विद्यापीठ चालवतं, बाल्टिकमधले ग्रे सील परत वाढावेत म्हणून काम करतात, जेवण घालायच्या वेळेला गेलं तर जवळून बघायला मिळतात. किनारा संरक्षणाचं म्युझियम त्या जर्मन तोफांच्या जागेवरच आहे, काँक्रीटचे बंकर बघून छाती दडपते, आणि तिथंच हेलच्या सैनिकी रेल्वेचं छोटं म्युझियम, नॅरो गेजच्या गाडीत बसवून फिरवतात. रेल्वेची आवड असणाऱ्यांनी हे चुकवू नका. लाईटहाऊसपण आहे, गुडघे बरे असतील तर चढा.

खाण्याचं सांगते. मासे, मासे आणि मासे. स्मोक्ड मासा हा प्रकार आपल्याला नवा, धुराचा वास आवडला तर आवडला, मला आवडला, ह्यांना नाही. तळलेला कॉड आणि फ्लाऊंडर मिळतो, ताजा असतो पण मसाला म्हणून मीठ आणि लिंबू, तांबड्या रश्श्याच्या जिभेला ते फार सौम्य लागतं. मी पिशवीत कांदा-लसूण मसाल्याची पुडी नेली होती, तुम्हीही न्या. शाकाहारी माणसांचे हाल नाहीत, बटाट्याचे प्रकार, पिअेरोगी म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, आणि गोफ्री म्हणजे क्रीम-फळं घातलेले वॅफल जागोजागी मिळतात.

काय खटकलं ते पण लिहिते. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी सकाळची गाडी म्हंजे उभं राहून जायची तयारी ठेवा, बॅगा, छत्र्या, सायकली, बाबागाड्या, सगळं एका डब्यात. ज्येष्ठ लोकांना घेऊन जाणार असाल तर मधल्या वारी जा किंवा जूनच्या सुरुवातीला जा, शाळा सुटायच्या आधी, तेव्हा ऊन असतं, दिवस रात्री नऊच्या पुढं मावळतो आणि डबा निम्मा मोकळा. सप्टेंबरचा पहिला आठवडापण चांगला म्हणतात तिकडची लोकं. पाणी मात्र कधीही गेलात तरी गार, मालवणसारखं डुंबता येईल या आशेवर जाऊ नका. छोट्या स्टेशनांवर इंग्रजी बोलणारं कुणी भेटेलच असं नाही, गावांची नावं कागदावर पोलिशमध्ये लिहून ठेवा, कारण आपण वाचतो एक आणि ते उच्चारतात भलतंच.

कारनं जाऊ का असं बरेच जण विचारतील. नको. सीझनमध्ये व्वादिस्वावोवोला जी रांग लागते ती बघून घ्या रेल्वेच्या खिडकीतनं, तुम्ही पुढं जात असता आणि ती माणसं तिथंच. उन्हाळ्यात ग्दिनियाहून बोटपण सुटते हेलला, साधारण तासाभराची, हवा चांगली असेल तर मस्त, म्हणून माझा सल्ला असा की जाताना रेल्वे आणि येताना बोट, किंवा उलटं. सायकलची सवय असेल तर हेलला गाडीनं जाऊन परत येताना पट्टीवरनं सायकल ट्रॅकनं व्वादिस्वावोवोपर्यंत या आणि तिथनं गाडी पकडा. परतीला संध्याकाळच्या शेवटच्या गाडीवर अवलंबून राहू नका, सगळा बीच तिच्यात चढतो, त्याच्या आधीची घ्या आणि हेललाच बसा, पुढच्या स्टेशनवर जागा मिळत नाही. येताना खिडकी डावीकडची.